रेघेची जाडी

“काका, या सात नंबरच्या शीटवर पाण्याला सूज आलीय का हो?”

नव्या इंजिनिअर मॅडमनी पडद्यावरची नजर न काढताच विचारलं. समोरच्या टेबलाशी रेघमास्तर पेनांची जुनी पेटी पुसत बसले होते. निवृत्तीला आठ दिवस राहिले होते, हाताशी काम उरलं नव्हतं, म्हणून पेटी पुसणं चाललं होतं. प्रश्न ऐकून त्यांचा हात थांबला. एकतीस वर्षं ज्या प्रश्नाला ते घाबरत आले होते, तो असा चहाच्या वेळी, चेष्टेच्या सुरात येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

रेघमास्तर हे नाव नकाशा विभागात कुणीतरी कधीतरी ठेवलं आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. खरं तर मास्तरकीचा त्यांना गंधही नव्हता. चार माणसांत उभं राहून बोलायचं म्हटलं की पहिलं वाक्य अर्धवट सोडून खाली बसायचे. पण हातात पेन आलं की हाच माणूस श्वास धरून हातभर लांबीची रेघ एका दमात अशी ओढायचा की बघणाऱ्याचाही श्वास अडकावा. एरवीचा वेळ पुस्तकात डोकं घालून जायचा. कपाटामागच्या खुर्चीत बसून डबा खाताना डाव्या हाताने पान धरून ठेवायची सवय त्यांना होती आणि डाव्या बाहीला वरणाचे डाग पडायची सवय त्यांच्या शर्टांना होती.

मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाची. ती यांना काका म्हणायची, हे तिला मॅडम म्हणायचे, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

“बाकी सगळ्या शीटवर पूररेषा बारीक आहे,” ती म्हणाली. “इथेच जाड. मला कॉम्प्युटरवर गिरवायचीय. याच्यातल्या रेघेला जाडी नसते. कुठली कड धरू?”

“जमिनीकडची,” रेघमास्तर म्हणाले. “रेघेची जाडी पाण्याची. आपल्याकडे तशीच पद्धत आहे.”

तिने मान डोलावली आणि गिरवायला लागली. पद्धत आहे म्हटल्यावर विचारायचं काय?

आणि पद्धत होतीच. ती घालून दिली होती त्या वेळच्या हेड ड्राफ्ट्समननी. मोठ्या पुराच्या वर्षी नदीचं पाणी काठची सगळी पाणथळ ओलांडून वस्तीत शिरलं होतं. वेत वाढायचा, बगळे उतरायचे अशा जागी लोकांनी भराव टाकून घरं बांधली होती. ती घरं पाण्याने एका दुपारी रिकामी केली. त्यानंतर नियम झाला: पूर जिथवर आला तिथवर नकाशावर रेषा ओढायची, आणि रेषेच्या आत घर नाही, भिंत नाही, मातीचा भराव नाही. कुंपण घालायचं तर तारेचं, पाण्याला वाट राहील असं. मग प्रश्न आला की रेषेला स्वतःची रुंदी असते, ती कुणाच्या बाजूने मोजायची? हेड ड्राफ्ट्समन म्हणाले होते, “शंकेची जागा पाण्याला द्या. माणूस पुन्हा अर्ज करू शकतो, पाणी अर्ज करत नाही.” सगळ्यांना ते पटलं. रेघमास्तरांना तर इतकं पटलं की ते वाक्य त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं.

पुराच्या खुणा गोळा करायला तेव्हा तेच हिंडले होते. पाणी ओसरल्याच्या सकाळी लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन घरोघर. भिंतीवर गाळाची रेघ राहिलेली असायची, तिच्यावर रंगाने खूण करायची, उंची आणि जागा वहीत टिपायची. लोक झाडू-बादल्या घेऊन भिंती धुवायला निघालेले, आणि हा एरवी न बोलणारा माणूस दारोदार हात जोडत सांगत होता, “एवढी एक रेघ राहू द्या. बाकी सगळं धुवा.” एका बाईने तर झाडू उगारला होता. तिचा संसार चिखलात गेला होता आणि याला रेघेची पडली होती.

नंतर त्या खुणा एकेक करून शीटवर आल्या. आधी टाचणीने कागदाला भोक पाडायचं, मग भोकांवरून पेन फिरवायचं. नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. म्हणून पेन घ्यायचं ते सर्वांत बारीक, पॉइंट टू मिलिमीटरचं. त्याची रेघ जमिनीवर एक मीटर रुंद भरते. सहा शीट तशा झाल्या. सातवी राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशे सहीला जायचे होते. बारीक पेन तुंबलं. गरम पाण्यात घातलं, झटकलं, तोंडाने फुंकलं, शाई येईना. पेटीत उरलं होतं पॉइंट एटचं, चौकटी आखायचं. आज याने काढू, सोमवारी पुन्हा काढू, असं म्हणून रेघमास्तरांनी श्वास धरला आणि रेघ ओढली.

सोमवारी नकाशे सही होऊन बाहेर पडले होते.

जाड पेनाची रेघ जमिनीवर चार मीटर रुंद. निम्मी पाण्याकडे, निम्मी जमिनीकडे, आणि पद्धत अशी की सगळीच पाण्याची. बारीक पेनाशी ताडून पाहिलं तर अर्ध्या मीटरऐवजी दोन, म्हणजे जमिनीचे दीड मीटर जास्तीचे गेले. जवळजवळ पाच फूट. सातव्या शीटवर अकरा प्लॉट होते, आणि त्यांतला चौथा रेघमास्तरांचा स्वतःचा होता.

तो त्यांनी लग्नानंतर चौथ्या वर्षी घेतला होता. बायकोला पाण्याची फार ओढ. तिचं म्हणणं एवढंच होतं की घर कसंही असो, स्वयंपाकघराची खिडकी पाणथळीकडे हवी. भाजी चिरताना मान वर केली की वेत दिसला पाहिजे. पुढे रस्त्यासाठी जागा सोडून, मागे रेषा धरून, त्या प्लॉटवर घराला पुढून मागे जागा उरत होती नऊ फूट. नियमाला लागत होती बारा. तीन फुटांनी परवानगी नाकारली गेली. “नऊ फुटांत घर होत नाही, बोगदा होतो,” असं बायको तेव्हा म्हणाली होती, हसत. तेव्हा ती बऱ्याच गोष्टींना हसायची.

हरकत घ्यायला साठ दिवसांची मुदत होती. रेघमास्तरांनी अर्ज लिहिला. आपल्याकडून पेनाची चूक झाली आहे, सातवी शीट पुन्हा काढावी, असा चार ओळींचा. तो खिशात घालून ते रोज कचेरीत जायचे आणि रोज संध्याकाळी घेऊन परत यायचे. दुसऱ्या कुणाची जमीन असती तर त्यांनी पहिल्याच दिवशी तो टेबलावर ठेवला असता. आपली होती, म्हणून ठेवता येईना. लोक म्हणतील, रेघ याच्या हातात, याने आपलं घर बसवून घेतलं. पुढे एक दिवस तो कागद राहिलाच नाही, मुदतही संपली, आणि खरं सांगायचं तर त्यांना तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आपण प्रामाणिक आहोत म्हणून गप्प आहोत, की भित्रे आहोत म्हणून, हे मात्र त्यांचं त्यांनाच कधी नीट ठरवता आलं नाही. पुस्तकांत अशी माणसं भेटली की ते पान उलटायचे.

बारा वर्षांनी पुन्हा तसाच पूर आला. रेषेच्या आत घरंच नव्हती, त्यामुळे कुणाचं काही गेलं नाही, आणि सगळ्या गावाने त्या नियमाला हात जोडले. रेघमास्तर सकाळीच प्लॉटवर जाऊन आले. पाणी बरोबर टाचणीच्या भोकांपर्यंत येऊन थांबलं होतं. त्याच्या अलीकडे जमीन कोरडी, वर मुंग्यांची रांग चाललेली. ते बराच वेळ त्या मुंग्यांकडे बघत उभे होते.

*

मॅडमनी विचारलं त्याच दुपारी कचेरीच्या खिडकीशी सायकलवाला आला. सातव्या शीटवरच्या नवव्या प्लॉटवर त्याची पत्र्याची शेड होती, पुढे दुकान, मागे घर. आई अंथरुणाला खिळलेली. तिला पत्र्याखाली उन्हाळा काढवत नाही म्हणून मागच्या बाजूला विटांची एक खोली काढायची त्याची पाचवी धडपड चालली होती. चार अर्ज परत आले होते. खोलीचा एक कोपरा दोन फुटांनी रेषेत जात होता.

माणूस तोंडाचा गोड होता आणि चिडला की आणखी गोड बोलायचा. खिडकीवरच्या कारकुनाला तो म्हणाला की साहेब, पाण्याशी माझं भांडण नाही. ते बिचारं मागच्या पुरातसुद्धा माझ्या न्हाणीपासून लांब उभं राहिलं, आत ये म्हटलं तरी आलं नाही. तुमचा कागद मात्र थेट आईच्या खाटेखाली येतो. सगळे हसले. मग त्याची नजर रेघमास्तरांकडे गेली.

“मास्तर, तुम्ही जुने. तुम्ही तरी सांगा, ही रेघ काढली कुणी?”

त्याला कुणाकडे बोट दाखवायचं नव्हतं, नुसता त्रागा होता. कारकून म्हणाला, सरकारने काढली. पुन्हा हशा झाला. रेघमास्तर पेटीतली पेनं जाडीप्रमाणे लावत होते. ती त्यांनी पुन्हा उलट्या क्रमाने लावली.

*

घरी आले तर पुढच्या खोलीत खोकी उघडी पडलेली आणि बायको जमिनीवर पाय लांब करून बसलेली. गुडघ्यांमुळे तिला मांडी घालता येत नव्हती. दुसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर; जिना चढायचा तर ती प्रत्येक वळणावर थांबून भिंतीशी दोन शब्द बोलल्यासारखी उभी राहायची. निवृत्ती झाली की मुलीकडे राहायला जायचं ठरलं होतं. मुलीने त्यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली रंगवून ठेवली होती, आणि फोनवर रोज काय टाकायचं, काय आणायचं याची यादी सांगत होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच रविवारी निघायचं होतं.

“हे ठेवायचं की टाकायचं?” बायकोने एक गुंडाळी पुढे केली.

वाया गेलेल्या ट्रेसिंग कागदाच्या मागे काढलेला घराचा नकाशा होता. भिंती, दारं, जिन्याच्या दोन पायऱ्या रेघमास्तरांच्या हातच्या, नीटनेटक्या. स्वयंपाकघर मात्र पेन्सिलीने, वेड्यावाकड्या रेघांत; ते तिने काढलं होतं. खिडकी भिंतीपेक्षा रुंद झाली होती.

“ठेवू,” ते म्हणाले.

“कशाला? मुलगी म्हणेल, आईबाबा रद्दी घेऊन आले.” पण तिने ती गुंडाळी फेकली नाही, मांडीवर ठेवली. मग उगाच म्हणाली, “एवढी मोठी खिडकी ठेवली असती तर ओटा कुठे बसला असता, नाही का? तेव्हा कळलं नाही बाई.”

आता जे स्वयंपाकघर होतं त्याच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे नळ दिसायचे. तिने तिथे पुदिन्याची कुंडी ठेवली होती. भाजी चिरताना ती मान वर करायची ती सवयीने, आणि खाली घालायची तीही सवयीने. हे रेघमास्तरांनी अनेकदा बघितलं होतं आणि दरवेळी त्यांनी पाणी प्यायचं निमित्त करून तिथून काढता पाय घेतला होता. आज ते तिथेच उभे राहिले. तिने विचारलं, बरं वाटत नाहीये का? ते म्हणाले, वाटतंय.

*

सकाळी कचेरी उघडायच्या आधीच ते पायरीवर बसले होते. मॅडम आल्या तशी त्यांनी सातवी शीट मागून घेतली आणि कोपऱ्यातल्या काचेच्या टेबलावर पसरली. त्या टेबलाच्या पोटात दिवा होता. ट्रेसिंग बंद झाल्यापासून त्यावर फायली ठेवत. फायली उतरवून दिवा लावला, तो दोनदा लुकलुकून पेटला. शाईची जाड रेघ उजेडात तपकिरी दिसायला लागली आणि तिच्या बरोबर मधोमध, मुंग्यांच्या रांगेसारखे, उजेडाचे ठिपके उमटले.

“ही टाचणीची भोकं,” रेघमास्तर म्हणाले. “पाणी इथवर आलं होतं. रेघ बारीक पेनाने काढायची होती. पेन तुंबलं, मी जाड पेनाने काढली. चूक माझी आहे. बारीक पेनाच्या हिशोबाने गिरवा.”

एवढं बोलून ते बाजूला झाले, तिला नीट दिसावं म्हणून.

मॅडमनी भिंग आणलं, जुनी मोजणीची वही काढली, तीन ठिपके वहीशी ताडून पाहिले. मग अकरा प्लॉटांची यादी वाचली आणि चौथ्या नावावर थांबून हळूच त्यांच्याकडे बघितलं. “काका, हा तुमचा?”

“म्हणूनच बोललो नाही.”

ती त्यांना घेऊन साहेबांकडे गेली. साहेब वाईट नव्हते, फक्त त्यांना आयुष्यभर कागदांनी पोळलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भिंगातून बघितलं आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “मास्तर, पुढच्या आठवड्यात सत्कार आहे तुमचा. लोक काय म्हणतील ठाऊक आहे? जाता जाता म्हातारा आपला प्लॉट सोडवून गेला.”

एकतीस वर्षं ज्या वाक्याच्या भीतीने ते जगले ते वाक्य समोर येऊन पडलं. रेघमास्तरांनी ते ऐकलं. पंखा फिरत होता, बाहेर शिपाई कुणाला तरी रांगेत उभं राहायला सांगत होता. काही झालं नाही. ते म्हणाले की माझा प्लॉट आहे तसा जाड रेघेतच ठेवा, बाकी दहांचं नीट करा.

“असं कसं?” मॅडम म्हणाल्या. “पाणी तुमच्या कुंपणापाशी येऊन वळसा घेणारे का, काका? रेघ सलग असते.”

साहेबांना हसू आलं. ते म्हणाले, लिहून द्या. रेघमास्तरांनी लिहून दिलं. चारच ओळी, जवळजवळ तोच मजकूर. कचेरीत ती दुरुस्ती रीतसर टिपली गेली, आणि तिसऱ्या दिवशी सायकलवाल्याला निरोप गेला की अर्ज पुन्हा आण. तो आला तेव्हा त्याला सगळं समजलं होतं. रेघमास्तरांच्या टेबलापाशी तो थोडा वेळ उभा राहिला. गोड काही बोलला नाही. म्हणाला, “आई विचारत होती, खिडकी कुठल्या बाजूला घ्यायची.” आणि निघून गेला. ते ऐकून रेघमास्तरांना बरंही वाटलं आणि कुणी थोबाडीत मारल्यासारखंही.

*

बायकोला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. खूप पुस्तकं वाचलेल्या माणसाला शब्द सापडायला हवे होते, पण त्यांनी ते पेन, मिलिमीटर, मीटर, खिशातच राहिलेला अर्ज असं हिशोबासारखंच सांगितलं. ती खोक्यात भांडी ठेवत होती. प्रत्येक भांड्याला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळत होती. ऐकता ऐकता तिचे हात सावकाश झाले.

“पाच फूट?”

“जवळजवळ.”

“आपल्याला तीन हवे होते.”

“हो.”

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग तिने विचारलं, “तो निळ्या शर्टाच्या खिशातला कागद? मी धुतला तो?”

तेव्हा ती दारात शर्ट घेऊन आली होती. हातावर कागदाचा लगदा, चेहऱ्यावर अपराधीपण. काही महत्त्वाचं होतं का हो, असं तिने तीन-तीनदा विचारलं होतं, आणि हे म्हणाले होते, छे, काही नाही.

“हो,” रेघमास्तर म्हणाले. “तोच.”

“मी तेव्हा दोन दिवस स्वतःला बोल लावत होते,” ती म्हणाली. “म्हटलं, ऑफिसचं काही असेल, माझ्यामुळे ओरडा खातील. आणि तुम्ही मनातून हुश्श म्हणालात.”

तिने पातेलं गुंडाळलं, खोक्यात ठेवलं, आणि त्यानंतर दोन दिवस त्यांच्यात मीठ, चावी, गोळ्या घेतल्या का, एवढंच बोलणं झालं. तिने आदळआपट केली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ती नेहमीसारखी उठायची, चहा करायची, त्यांचा कप झाकून ठेवायची. फक्त भाजी चिरायला ती पुढच्या खोलीत येऊन बसायला लागली, खिडकीकडे पाठ करून.

शनिवारी सकाळी तिने केस विंचरले, बाहेर जायची साडी नेसली आणि म्हणाली, “तुमची ती लांब टेप आहे ना ऑफिसची, ती आणा. आणि दोऱ्याचं रीळ.”

“अगं, आता बांधायचं म्हणजे…”

“बांधायचं कोण म्हणतंय? उद्या गाडीत बसायचंय मला. बघायचंय फक्त.”

*

रिक्षाने प्लॉटपर्यंत गेले. सायकलवाल्याच्या शेडमागे विटांचा पहिला ढीग येऊन पडला होता. त्याने न विचारता लोखंडी गजाचे सहा-सात तुकडे आणि हातोडी दिली, वहिनींसाठी लोखंडी घडीची खुर्चीही दिली, आणि काहीतरी काम आठवल्यासारखा आत निघून गेला.

प्लॉटवर गवत गुडघ्याएवढं होतं. मागे पाणथळ, वेताचे तुरे वाऱ्याने एका बाजूला झुकलेले, दोन बगळे. बायको कडेला उभी राहून ट्रेसिंगची गुंडाळी उघडून बघत होती. ती तिने पिशवीतून आणली होती. रेघमास्तरांनी टेप लावली. रस्त्यापासून सोडायची जागा सोडली, मागे नवी रेषा धरली आणि चार कोपऱ्यांवर गज ठोकले. वाकताना कंबर धरत होती, पण हात स्थिर होते. मग गजांना दोरा बांधत ते घर आखत गेले. बाहेरची भिंत, आतली भिंत, खोली, स्वयंपाकघर. पुढे दाराची जागा मोकळी सोडली, तीन फूट. आखणी चोख झाली. मागच्या भिंतीपासून पुढच्या भिंतीपर्यंत चौदा फूट, इंचभरही इकडे तिकडे नाही.

“खिडकी?” तिने विचारलं.

त्यांनी मागच्या दोऱ्यावर रुमालाचे दोन तुकडे बांधले, खिडकीच्या दोन कडा दाखवायला. तिने नकाशात पाहिलं आणि मानेने नाही म्हटलं. मग त्यांनी एक तुकडा सोडला आणि पार कोपऱ्यापर्यंत सरकवला. खिडकी भिंतीएवढी झाली.

“ओटा कुठे बसणार?” ते म्हणाले.

“तुम्ही नका विचार करू त्याचा.”

ते गज तपासायला मागे, पाण्याच्या बाजूला गेले. जमीन तिथे किंचित उतरती होती, बुटाखाली मऊ लागत होती. वाकून त्यांनी मातीला हात लावून पाहिला. पुराच्या वर्षापासूनची ही सवय. वर बघितलं तर ती खुर्ची घेऊन निघाली होती. ती उभी होती तिथून स्वयंपाकघर दोन पावलांवर होतं, दोरा जेमतेम नडगीच्या उंचीला. तो ओलांडून सरळ जाता आलं असतं. पण ती दोऱ्याच्या कडेकडेने, गवतातून, गुडघ्यावर हात ठेवत पुढे रस्त्याच्या बाजूला गेली, पूर्ण भिंत फिरून दारापाशी आली, तिथे थोडी थांबली, आणि आत शिरली. खोलीतून स्वयंपाकघराच्या दारासाठी सोडलेल्या जागेतून वळली. खुर्ची उघडून खिडकीशी बसली.

तिने मान वर केली. खूप वेळ तिने ती खाली घातली नाही.

रेघमास्तर बाहेरच उभे होते, खिडकीच्या अगदी समोर. आपण तिच्या नजरेच्या आड येतो आहोत हे लक्षात आल्यावर ते बाजूला झाले. तिच्याजवळ जावंसं वाटत होतं आणि जावं की नाही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी दोऱ्यावरून पाय उचलला.

“भिंतीतून कुठे येताय?” ती म्हणाली, पाण्याकडे बघतच.

उचललेला पाय त्यांनी परत घेतला. दोऱ्याच्या कडेने, ती गेली तसेच, ते घराला वळसा घालून पुढे आले. दाराच्या तीन फूट मोकळ्या जागेपाशी गवतात तिच्या चपला होत्या, एकीशेजारी एक, नीट ठेवलेल्या. रेघमास्तर खाली वाकले आणि बुटांची नाडी सोडायला लागले.